बँडविड्थ स्फटिकात आखायची की टेबलावर जुळवायची?

काही फेम्टोसेकंदांचा लेसर स्पंद मोठा करायचा, तर त्यातले सगळे रंग सारख्या प्रमाणात वाढावे लागतात. कडेचे रंग मागे राहिले की स्पंद लांबतो आणि केलेल्या खटाटोपावर पाणी पडतं. इतकी रुंद बँडविड्थ आणायची कुठून, यावर प्रकाशवर्धक बांधणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ती स्फटिकाच्या आतच आखून घ्या. दुसरा म्हणतो, स्फटिक साधा ठेवा आणि काय जुळवायचं ते आरसे आणि कोन वापरून टेबलावर जुळवा.

पुढच्या संवादात या दोन बाजू बोलताहेत. सरांची हयात आरशांचे स्क्रू फिरवण्यात गेली. त्यांची जुनी विद्यार्थिनी आता संगणकावर स्फटिकातल्या ग्रेटिंग आखते. दोघंही कल्पनेतली आहेत, त्यांच्या तोंडची भौतिकी आणि इतिहास मात्र खरा आहे. वादाला निमित्त आहे एका नव्या वर्धकाचं: पंप १०६४ नॅनोमीटरचा आणि हवा असलेला प्रकाश ३.४ मायक्रॉनचा.

सर : आधी मला हे सांग, ३.४ मायक्रॉनचाच हट्ट का? ८०० नॅनोमीटरला टायटेनियम-सफायर हात जोडून उभा आहे की.

संशोधिका : सर, कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध याच पट्ट्यात कंप पावतो. सेंद्रिय रेणूंचा अभ्यास करणाऱ्याला इथे यावंच लागतं. दुसरं कारण अ‍ॅटोसेकंदवाल्यांचं. वायूत उच्च हार्मोनिक निर्माण करताना मिळणाऱ्या फोटॉनच्या ऊर्जेची वरची मर्यादा चालक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वर्गानुसार वाढते. २०२३ चं भौतिकीचं नोबेल ज्या विषयाला मिळालं, त्याची पुढची पायरी लांब तरंगलांबीवर आहे. आणि या पट्ट्यात सफायरसारखं हक्काचं माध्यम नाही. म्हणून पॅरामेट्रिक वर्धक.

सर : म्हणजे पंपाचा एक फोटॉन फोडायचा आणि दोन करायचे.

संशोधिका : हो. १०६४ चा फोटॉन फुटला की एक १५५० चा सिग्नल आणि एक साधारण ३४०० चा आयडलर. ऊर्जेचा हिशोब चोख लागतो. अडतं ते फेजपाशी. तिन्ही लाटांचा स्फटिकातला वेग वेगळा, म्हणून त्या एकमेकींच्या मागेपुढे सरकतात. आपल्या लिथियम नायोबेटच्या स्फटिकात जेमतेम १५ मायक्रॉन गेल्यावर पंपाकडून आलेली ऊर्जा पंपाकडे परत वाहायला लागते.

सर : त्यावर १९६२ मध्येच उपाय सांगितला गेला होता. आर्मस्ट्राँग, ब्लोम्बर्गन, ड्यूक्वेंग आणि पर्शन या चौघांनी हार्वर्डमधून. ऊर्जा उलटी वाहायला लागणार, त्याच जागी स्फटिकाची दिशा उलटी करा. चिन्ह बदललं की वाहणं पुन्हा आपल्या बाजूला. कागदावर झकास, पण १५-१५ मायक्रॉनच्या चकत्या उलट्यासुलट्या चिकटवणार कोण? ते हाती यायला तीस वर्षं लागली.

संशोधिका : १९९३ मध्ये सोनीतल्या यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रानं ते करून दाखवलं. चकतीवर पट्ट्यापट्ट्यांचे इलेक्ट्रोड घालायचे आणि क्षणभर प्रचंड व्होल्टेज द्यायचं. साध्या लिथियम नायोबेटला मिलिमीटरमागे सुमारे २१ किलोव्होल्ट लागतात. मॅग्नेशियम ऑक्साईड मिसळलेल्याला त्याच्या चौथाईच्या आसपास पुरतात. इलेक्ट्रोडखालचा भाग उलटतो, मधला तसाच राहतो.

सर : आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही! चकती पहिल्यासारखीच काचेसारखी स्वच्छ. मग तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायचा. स्फटिकाची ऋण बाजू झिजते, धन बाजू जवळपास शाबूत राहते. धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पट्टे उठून दिसतात. कुठे दोन पट्टे एकमेकांत मिसळलेले, कुठे एखादा अर्धवट उलटलेला. संगणकावर हे मिसळलेले पट्टे कधी दिसत नाहीत, एवढं लक्षात ठेव.

संशोधिका : त्या मुद्द्यावर येऊच. आधी माझी बाजू पूर्ण मांडू द्या. सगळे पट्टे सारख्या रुंदीचे असले तर फेज एकाच रंगासाठी नीट जुळते. म्हणून मी ग्रेटिंगला, म्हणजे पट्ट्यांच्या या रांगेला, चर्प देते: तिचा आवर्त, म्हणजे सुलट-उलट अशा एका जोडीची लांबी, हळूहळू बदलत नेते. दहा मिलिमीटरच्या स्फटिकात सुरुवातीला आवर्त ३०.७ मायक्रॉन, शेवटाला २९.३. फरक दीड मायक्रॉनहून कमी. पण आता प्रत्येक रंगासाठी फेज जुळायची जागा निराळी झाली. स्लो लोकलसारखं आहे सर. गाडी सगळीकडे थांबते आणि ज्याचं स्टेशन आलं तो चढतो.

सर : आणि फास्ट लोकलवाला तोवर घरी पोचून चहा पीत असतो! तूच म्हणतेस की प्रत्येक रंग आपल्या स्टेशनाशीच वाढतो. मग उरलेला स्फटिक त्या रंगाच्या दृष्टीनं रिकामाच. लांबी वाया घालवून बँडविड्थ विकत घेतेस तू. आकडे बोल.

संशोधिका : बोलते. पंप सिग्नलला किती जोरानं वाढवतो, तो गुणांक गॅमा. पंपाची तीव्रता चौरस सेंटिमीटरमागे एक गिगावॉटच्या घरात असली, तर आपल्या स्फटिकात गॅमा मिलिमीटरमागे सुमारे १.२ येतो. तुमच्या साध्या, एकसारख्या ग्रेटिंगमध्ये साधारण साडेआठ हजारपट वाढ, म्हणजे ३९ डेसिबल, ४.३ मिलिमीटरमध्ये मिळते. पण फेजची चूक मिलिमीटरमागे पावणेदोन रेडियनच्या पट्ट्याबाहेर गेली की वाढ निम्म्याहून खाली जाते. हा पट्टा हीच तुमची बँडविड्थ.

सर : आणि तुझी?

संशोधिका : मी चर्पचा दर मिलिमीटरमागे, दर मिलिमीटरला १ रेडियन ठेवते. वाढ तीच, ३९ डेसिबल. प्रत्येक रंग वाढतो तो भाग ४.८ मिलिमीटरचा. स्फटिकाची एकूण लांबी १०. दोन्ही टोकांचा तोटा वजा करून पट्टा उरतो ५.२ रेडियनचा. लांबी दुपटीहून थोडी जास्त, बँडविड्थ तिप्पट. तरी खरी गंमत पुढेच आहे. साध्या ग्रेटिंगची लांबी वाढवली तर वाढ जास्त होते आणि बँडविड्थ घटते. चर्पच्या ग्रेटिंगची लांबी वाढवली तर वाढ तेवढीच राहते आणि बँडविड्थ वाढत जाते. या दोन गोष्टी एकमेकींचे पाय ओढायच्या थांबतात. रचना करणाऱ्याला आणखी काय हवं?

सर : ही वाढ ज्या सूत्रानं काढलीस, ते प्रकाशवाल्यांचं नव्हे, प्लाझ्मावाल्यांचं.

संशोधिका : अगदी बरोबर. मार्शल रोझेनब्लूथ यांचं, १९७२ चं. लेसरनं अणुसंलयन घडवताना प्लाझ्माची घनता जागोजागी बदलते, म्हणून तिथल्या लाटांची फेज एखाद्या ठिकाणीच जुळते. वाढीच्या घातांकात येतं २ पाय गुणिले गॅमाचा वर्ग, भागिले फेज बिघडण्याचा दर. त्यांना ही वाढ नको होती, कारण ती लक्ष्यापर्यंत पोचायची ऊर्जा खाते. आपल्याला तीच हवी आहे. आणि हा बिघडण्याचा दर त्यांना निसर्गाकडून जसा मिळेल तसा घ्यावा लागे, आपण तो इलेक्ट्रोडच्या मास्कवर आखून घेतो. स्टॅनफर्डच्या मार्टिन फेयर यांच्या गटानं २००८ च्या सुमारास हे गणित स्फटिकासाठी सोडवलं. पुढे झ्युरिकच्या ईटीएचमध्ये उर्सुला केलर यांच्या गटानं फेयर यांच्यासोबत त्यावर वर्धक उभा केला. त्याचे निकाल २०१० मध्ये आले: मध्य ३.४ मायक्रॉन, स्पंद ७५ फेम्टोसेकंदांचे, सेकंदाला एक लाख. या तरंगलांबीला लाटेचं एक आवर्तन सुमारे ११ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे स्पंदात जेमतेम सात आवर्तनं. आणि तिन्ही किरण एकाच रेषेत!

सर : सूत्राचं कौतुक पुरे. घातांकात गॅमाचा वर्ग आहे म्हणालीस ना? गॅमाचा वर्ग म्हणजे पंपाची तीव्रता. माझ्या साध्या ग्रेटिंगमध्ये घातांक गॅमाच्या प्रमाणात, म्हणजे तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. आता पंप एका टक्क्यानं हलला तर काय होईल, ते तूच सांग.

संशोधिका : तुमच्या वर्धकाची वाढ सुमारे पाच टक्क्यांनी हलेल. माझ्या वर्धकाची नऊ.

सर : नऊ टक्के! आणि हे फक्त एका स्पंदापासून दुसऱ्यापर्यंतचं. प्रत्येक स्पंदाच्या आतही हाच प्रकार. आपण सिग्नल ताणून आत सोडतो, त्यामुळे प्रत्येक रंग वेगळ्या क्षणी येतो. पंपाचा स्पंद मध्ये जोरकस आणि कडेला कमजोर. तुझ्या रचनेत तो कमजोरपणा थेट घातांकात उतरतो. म्हणजे ज्या कडेच्या रंगांसाठी एवढा खटाटोप केलास, नेमके तेच उपाशी राहणार.

संशोधिका : पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यावर माझ्याकडे उत्तर आहे. कडेचे रंग जिथे वाढतात तिथे मी चर्पचा दर कमी ठेवते. दर कमी केला की वाढ जास्त. पंपाच्या स्पंदाचा आकार ठाऊक असेल तर प्रत्येक रंगाची वाढ वेगवेगळी आखता येते. साध्या ग्रेटिंगमध्ये हे शक्यच नाही.

सर : पंपाचा आकार कालच्यासारखाच आज राहील, या भरवशावर! बरं, टोकांचं काय? ग्रेटिंग एका जागी एकाएकी सुरू होते आणि एकाएकी संपते. तिथून वाढीच्या आलेखात लाटा उठतात. फेजमध्येही उठतात, आणि फेजमधल्या लाटा म्हणजे मुख्य स्पंदाच्या आगेमागे लहान लहान पिल्लं.

संशोधिका : त्यासाठी टोकांशी चर्पचा दर झपाट्यानं वाढवतात. लाटांची जुळणी हळूहळू सुरू होते आणि हळूहळू सुटते. थोडी लांबी जाते, पण आलेख सपाट होतो. आणि पंपाच्या चढउतारावरही पुरता अंधार नाही. नऊ टक्क्यांचा हिशोब सिग्नल लहान असतानाचा आहे. पंप रिकामा व्हायला लागला की चित्र पालटतं. फिलिप्स आणि फेयर यांनी २०१० मध्ये दाखवलं की चर्पच्या ग्रेटिंगमध्ये पंपाची जवळपास सगळी ऊर्जा सिग्नल-आयडलरकडे सुपूर्द होऊ शकते. तिथे पोचल्यावर पंपाच्या हलण्याला वाढ फारशी दाद देत नाही.

सर : कागदावरच्या सपाट लाटेसाठी. खऱ्या किरणाचा मध्य भरेपर्यंत कडा उपाशीच असतात. असो. आता माझा हुकमाचा पत्ता ऐक. तुझ्या स्फटिकात सिग्नलशिवाय आणखीही काही वाढत असतं.

संशोधिका : पॅरामेट्रिक फ्लुओरेसन्स.

सर : शून्यातून उठणारा गोंगाट. साध्या ग्रेटिंगमध्येही तो असतो. पण तुझ्या स्फटिकात किंचित तिरक्या जाणाऱ्या लाटा पाहा. सरळ रेषेतला सिग्नल आपल्या ४.८ मिलिमीटरमध्ये वाढतो आणि थांबतो. तिरक्या लाटेची फेज कोनामुळे वेगळ्या रीतीनं सरकते. चर्प जे बिघडवतो, ते कोन सावरून घेतो. अशी लाट पंपाच्या किरणातच अडकून स्फटिकभर वाढत राहते, आणि सिग्नलपेक्षाही जास्त वाढू शकते. म्हणजे तुझं सूत्र सिग्नलला आवर घालतं आणि गोंगाटाला मोकळं सोडतं.

संशोधिका : हे खरं आहे, आणि फेयर यांच्याच गटानं ते २००८ मध्ये लिहून ठेवलंय. लांबी वाढवत जा, बँडविड्थ वाढत जाईल, असं मी म्हणाले. त्याला खरी मर्यादा इथेच येते. म्हणून सगळी वाढ एका स्फटिकाकडून मागायची नाही. टप्पे करायचे.

सर : आता कशी बोललीस! शेवटचा आक्षेप माझा नेहमीचा. पट्ट्यांच्या रुंदीत बारीकसारीक चुका राहतातच. त्यातून पंपाची दुप्पट वारंवारता थोडी थोडी तयार होते आणि हिरवा प्रकाश दिसतो. लिथियम नायोबेटमध्ये हिरवा प्रकाश नकोसाच. मॅग्नेशियमनं सहनशक्ती वाढते, तरी तो पाहुणा चांगला नव्हे. आणि एवढं सगळं झाल्यावर कळलं की चर्पचा दर चुकलाय, तर काय करणार? तापमान बदलून फेजची जुळणी थोडी सरकेल, चर्पचा दर हलणार नाही. नवा मास्क, नवी चकती, नवी वाट पाहणं. माझ्या बीबीओ स्फटिकाला बघ. ४०० नॅनोमीटरचा पंप, सिग्नल जवळपास पावणेचार अंशांच्या कोनात, आणि दृश्य प्रकाशात दहा फेम्टोसेकंदांहून लहान स्पंद. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोक हे करताहेत. चुकलं तर स्क्रू फिरवायचा.

संशोधिका : दृश्य प्रकाशात! ३.४ मायक्रॉनला बीबीओमधून प्रकाश धड पारही होत नाही. तिथे केटीए स्फटिक वापरायचा म्हणाल, तर त्याचा अरेषीय गुणांक थोडकाच. ग्रेटिंगमुळे दोन भागिले पाय इतकी घट धरूनही लिथियम नायोबेटचा गुणांक व्होल्टमागे १६ पिकोमीटरच्या आसपास उरतो. केटीएचा त्याच्या कितीतरी खाली. तेवढीच वाढ हवी तर तीव्रता वाढवावी लागेल, आणि तीव्रता वाढली की स्फटिकाला इजा. शिवाय तुमच्या कोनाची किंमत कोण मोजतं? १५५० ला बी टाकून आयडलर काढायचा असेल, तर तो आयडलर रंगागणिक वेगळ्या दिशेनं बाहेर पडतो. इंद्रधनुष्य होऊन सांडलेला प्रकाश गोळा करत बसा मग. आपल्याला हवा असलेला प्रकाश आयडलरच आहे. सगळे किरण एका रेषेत असले की हा प्रश्नच उद्भवत नाही.

सर : तो मुद्दा मी खोडणार नाही. पण एका रेषेतला आयडलरही धुतल्या तांदळासारखा नाही. तुझ्या स्फटिकात प्रत्येक रंगाचा आयडलर वेगळ्या जागी जन्मतो आणि तिथून पुढचा रस्ता आपल्या वेगानं कापतो. म्हणजे तो वेगवेगळा उशीर घेऊन बाहेर येतो.

संशोधिका : येतो, पण ठरावीक हिशोबानं येतो. पहिल्या टप्प्यात आवर्त उतरता ठेवायचा, दुसऱ्यात चढता. बराचसा उशीर आपापसांत फिटतो. उरलेला ताणण्या-आवळण्याच्या व्यवस्थेत सामावून घ्यायचा.

सर : आणि ऊर्जा? तुझी चकती किती जाड?

संशोधिका : नेहमीची काही मिलिमीटर. जपानमध्ये इशिझुकी आणि ताइरा यांनी २०१२ मध्ये दहा मिलिमीटर जाडीचा, पट्टे उलटवलेला लिथियम नायोबेट वापरून अर्ध्या जूलच्या घरातली ऊर्जा काढून दाखवली. पण तो एकसारख्या आवर्ताचा. जाडी वाढली की बारीक पट्टे खालपर्यंत सरळ उतरवणं अवघड होतं, आणि बदलता आवर्त म्हणजे आणखी एक डोकेदुखी.

सर : मग शेवटचा, ताकदीचा टप्पा माझ्याकडे दे. साधा स्फटिक, रुंद किरण, कमी वाढ.

संशोधिका : किंवा दोघांचं मिळून काहीतरी. २०१४ मध्ये कॅनडातल्या एका गटानं स्पंदाचे रंग आधी जागेत पसरवले आणि प्रत्येक रंग स्वतंत्रपणे वाढवून पुन्हा एकत्र आणले. ईटीएचच्या गटानं २०१६ मध्ये त्यालाच ग्रेटिंगची जोड दिली. आडव्या दिशेत आवर्त बदलणारा स्फटिक, आणि प्रत्येक रंगाला त्याच्या जागी हवा तोच आवर्त. रंग एकामागोमाग नव्हेत, शेजारीशेजारी. त्यामुळे प्रत्येक रंगाला स्फटिकाची पूर्ण लांबी मिळते.

सर : आणि ते रंग पसरवायला नि गोळा करायला आरसे, ग्रेटिंग, स्क्रू. म्हणजे माझ्याच हातचं काम.

संशोधिका : त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवातीचे टप्पे चर्पचे करावेत. तिथे ऊर्जा कमी, वाढ जास्त आणि बँडविड्थ राखणं सगळ्यात महत्त्वाचं. एकदा तिथे गेलेले रंग पुढे कुठलाही स्फटिक परत आणू शकत नाही.

सर : ठीक. मग ते ३९ डेसिबल कशाला धरून बसलीस? तीस कर.

संशोधिका : तीस केले तर चर्पचा दर १ वरून १.३ पर्यंत नेता येतो. त्याच दहा मिलिमीटरमध्ये पट्टा ५.२ वरून ८.२ रेडियनवर जातो. पंपाच्या एका टक्क्याला वाढ नऊऐवजी सातच टक्के हलते. तिरक्या लाटांचा गोंगाटही कमी होतो. उरलेले नऊ डेसिबल पुढचा टप्पा हसत देईल.

सर : बघ, वाढीचा लोभ सोडलास तर तुझंच सूत्र तुला बँडविड्थ देतं. ती फुकट मात्र कुठेच नाही. साध्या ग्रेटिंगमध्ये ती स्फटिक अडवतो. तू स्फटिकाला मोकळं केलंस, तर तो भार पंपावर गेला.

संशोधिका : म्हणून एकाच चकतीवर शेजारी शेजारी तीन ग्रेटिंग आखते. चर्पचे दर १, १.३ आणि १.६. चकती थोडी बाजूला सरकवली की दर बदलेल.

सर : अखेर स्क्रू ठेवलासच की!

संशोधिका : ठेवला, पण तो किती फिरणार ते मीच ठरवलंय.

सर : मग मास्कची ऑर्डर देण्याआधी पंपाची नोंद माझ्यासमोर ठेव. दिवसभर तो किती हलतो आणि त्याच्या स्पंदाचा आकार किती टिकतो, याची. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर तिन्ही ग्रेटिंग कर. नसेल, तर आधी पंपाला हात घालू. वाईट पंपावरची उत्तम ग्रेटिंग पंपाचाच दोष सात पटींनी मोठा करून दाखवते.